जेवणानंतरच्या गाई

शिंप्याची गाय मेली त्या सकाळी गल्लीतले सगळे एकदम डॉक्टर झाले. कुणी म्हणालं, पाणी बाधलं. कुणी म्हणालं, कुरणातल्या ओल्या गवतात काहीतरी विषारी उगवलंय. टेम्पोवाल्याने नजर लागल्याचंही सांगून पाहिलं. पण नजर लागावी असं माझ्या गाईत काही नव्हतं हो, असं शिंपी स्वतःच डोळे पुसत म्हणाला, आणि तो मुद्दा तिथंच बारगळला.

दोन दिवसांनी गवंड्याची एक गाय खायची थांबली. चौथ्या दिवशी त्याची दुसरी. मग मात्र सगळ्यांची बोटं एकाच दिशेला वळली, गल्लीच्या खालच्या टोकाला.

तिथं काकू राहायच्या. एकट्या. जिभेला धार अशी की दूधवाला त्यांच्या दारात माप दोनदा तपासून ओतायचा. त्यांच्याकडे एकच गाय, लाल रंगाची, आणि त्या गाईच्या कानामागं, मानेखाली, कासेच्या खोबणीत गोचिड्या अशा बसलेल्या की कुणी चिंचोके शिवून लावलेत. गोचिड्या सगळ्यांच्याच गुरांना होत्या. यंदा पाऊस गेला तरी ओल गेली नव्हती, आणि उन्हानं पाठ भाजायला लागली की गोठ्याच्या भिंतींतून त्या सरसर उतरायच्या. पण काकूंच्या गाईवर जास्त. आणि ती गाय मात्र खाऊनपिऊन ठणठणीत.

"हिच्याच गोचिड्या कुरणात पडतात आणि आमच्या गुरांना चढतात," शिंपी म्हणाला. "हिला काही होत नाही, आमची मरतात."

सात घरांचं ते कुरण सामाईक. त्यात कुणाची गुरं यायची नाहीत हे ठरवायचं तर सगळ्यांनी बसून ठरवायचं, आणि शेवटचा शब्द आबांचा. रविवारी सकाळी डेअरीच्या शेडमध्ये बसायचं ठरलं. काकूंना ना जमीन, ना वैरणीचा ढीग. कुरण बंद म्हणजे गाय विकणं, आणि गाय विकली म्हणजे काकूंनी काय करायचं, हे कुणी बोललं नाही. आबा एवढंच म्हणाले, "बघू रविवारी. पण लक्षण तर तिच्याच दारात दिसतंय."

आबांची सून दारात उभी राहून हे ऐकत होती. तिचं लक्ष अर्धंच होतं. अर्धं मागे गोठ्यात होतं, कारण सकाळपासून भुरीने गव्हाणीत तोंड घातलं नव्हतं.

भुरी तिची. म्हणजे घराचीच, पण वासरू असताना आई गेली तेव्हा सुनेनंच तिला बाटलीनं पाजलेलं. त्यामुळं भुरीला अजून सुनेचा पदर चघळायची खोड होती. त्या सकाळी सुनेनं पदर पुढं केला. भुरीनं हुंगला आणि मान फिरवली.

सुनेनं तिच्या कानाला हात लावला. कान चुलीजवळच्या वाटीसारखा गरम. खालचा ओठ ओढून पाहिला तर हिरडी पांढरट, धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखी. शेण कोरडं, गोळे गोळे. छातीला कान लावला तर आतलं काळीज असं धडधडत होतं जसं भुरी डोंगर चढून आलीय. आणि ती तर जागची हलली नव्हती.

आबा आत आले, पाहिलं, म्हणाले, "उष्णता. गुळाचं पाणी दे."

"आबा, शिंप्याच्या गाईचंही असंच सुरू झालं होतं."

"शिंप्याला गाय सांभाळता येते होय? त्याला गुंड्या सांभाळता येत नाहीत."

एरवी सून हसली असती. आबांच्या बोलण्यावर ती लग्न होऊन आल्यापासून हसत आली होती. या घरात पहिल्या वर्षी तिला गुरांचं काही कळत नव्हतं. गोठ्यात पाय घसरून पडायची, सड ओढायची तर गाय लाथ मारायची. तेव्हा नवरा हसायचा आणि आबा शेजारी बसून, तिच्या बोटांवर बोटं ठेवून शिकवायचे. "ओढायचं नाही, पोरी. मागायचं." तिला जे काही येत होतं ते आबांचं होतं.

तिनं गुळाचं पाणी दिलं. भुरीनं दोन घोट घेतले. मग सुनेनं चप्पल घातली आणि गुरांच्या दवाखान्याची वाट धरली.

*

दवाखान्यात डॉक्टर नव्हते, दौऱ्यावर गेले होते. तपासणीच्या खोलीत एक बाई होत्या, वय चाळिशीच्या पुढं, बोटांची टोकं जांभळी निळी. गावोगाव त्यांना काचवाली बाई म्हणायचे, कारण त्या जिथं जातील तिथं खिशातून काचेच्या पट्ट्या काढायच्या. सुनेचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, "लघवी लाल होते?"

"नाही. नेहमीसारखी."

"बरं," म्हणाल्या, आणि स्कूटरची किल्ली घेतली.

गोठ्यात येऊन त्यांनी भुरीच्या कानाचं टोक स्पिरिटनं पुसलं, सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि दुसऱ्या काचेच्या कडेनं असा सरकवला की तो पिसासारखा पसरला. रक्तही नेहमीसारखं नव्हतं, पाणी घातल्यासारखं पातळ. गवंड्याच्या दोन्ही गाईंचंही घेतलं. मग काचा हवेत धरून हलवत उभ्या राहिल्या.

"ठेवा की खिडकीत," सून म्हणाली.

"ठेवते आणि मुंग्या जेवून जातात. एकदा अर्धी काच चाटून ठेवली होती." मग भुरीकडं बोट करून म्हणाल्या, "हिला चालवू नका. पाणी हिच्यापुढं आणा. अंगात रक्त उरलं नसलं की दहा पावलांत कोसळते गाय."

आबा बाहेर खाटेवर बसून बघत होते. "एका थेंबात काय दिसतं हो बाई?"

"कधी काहीच नाही, आजोबा. कधी सगळंच."

काचवालीनं सुनेला मागं बसवून सोबत नेलं. निकाल लगेच हवा तर लगेच या, म्हणाली. खोलीत भिंतीला लागून एक मोरी होती, तिचा सिमेंटचा कट्टा वर्षानुवर्षांच्या रंगानं जांभळा झालेला. काचेवर आधी स्पिरिट, मग रंग, मग अर्धा पाऊण तास काहीच नाही. तेवढ्या वेळात काचवालीनं चहा केला, सुनेच्या मुलीची चौकशी केली, स्वतःच्या मुलाची तक्रार केली. मग काच धुतली, वाळवली, तेलाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"या. बघा."

सून वाकली. आधी नुसता उजेड, स्वतःच्याच पापण्या. मग दिसलं. फिकट गुलाबी गोल गोल, पसरून टाकलेल्या गुंड्यांसारखे. शेकडो. आणि कित्येक गुंड्यांवर एक गडद ठिपका. मधोमध नाही, अगदी कडेला.

"गुंडीला भोक मधे पाडायचं सोडून कडेला पाडलंय," ती म्हणाली. शिंप्याकडं ती मोकळ्या वेळात काजं करायला जायची, म्हणून तिला तसंच सुचलं.

काचवाली हसली. "हे रक्तातले जंतू. मूळ गोचिडीचे. ती चावली की आत शिरतात. ज्या गुंडीवर ठिपका, ती शरीर स्वतःच मोडून टाकतं. म्हणून हिरड्या पांढऱ्या." तिनं फोन उचलून डॉक्टरांना सांगितलं, संध्याकाळी दौऱ्यावरून परतताना गल्लीत कोणतं इंजेक्शन घेऊन जायचं ते. मग फोन ठेवून वहीत लिहिता लिहिता सहज विचारलं, "महिना सव्वा महिन्यापूर्वी काय केलं होतं गुरांना? लस? कान टोचले? शिंगं कापली?"

सुनेनं चहाचा कप खाली ठेवला.

"का?"

"एका गुराचं रक्त दुसऱ्याच्या अंगात गेलं तरी हे पोचतं, आणि दिसायला महिना लागतो. एकच सुई, एकच पातं. गोचीड लागेल तिथं चढते. कुणाकडं आज, कुणाकडं पुढच्या महिन्यात. हे तुमच्याकडं आठवड्यात चार गुरांना झालंय. म्हणून विचारलं."

"शिंगं," सून म्हणाली. "शिंगं कापली होती."

*

ती चालतच परतली. स्कूटरवर सोडते म्हटलं तरी नको म्हणाली. तिला मनात क्रम लावायचा होता.

शिंगं कापणं हे आबांचं काम. त्यांना गावात शिंगवाले आबाच म्हणायचे. दर सहा महिन्यांनी, कुरण उघडायच्या आधी, सात घरांच्या सगळ्या गाईंच्या शिंगांची टोकं ते एका दिवसात कापत, म्हणजे कुरणात एकमेकींना भोसकायला नको. एक छोटी करवत, लाकडी मुठीची, त्यांच्या वडिलांची. रक्ताचा थेंब दिसेपर्यंत कापायचं, नाहीतर महिन्यात टोक परत येतं, हा त्यांचा नियम. करवतीला पाणी लावायचं नाही, पाण्यानं धार मरते, हा दुसरा. प्रत्येक गाईनंतर फडक्यानं पुसायची, तेच फडकं, खांद्यावरचं. आणि तिसरा नियम, ज्याचा त्यांना सगळ्यात अभिमान: पहिला वार आपल्या घरच्या गाईवर. "माझ्या म्हातारीला काही झालं नाही, तर तुझ्या गाईला होणार नाही," असं ते प्रत्येक दारात सांगत.

म्हातारी म्हणजे त्यांची सगळ्यात जुनी गाय. कुठल्या तरी लांबच्या बाजारातून आणलेली, तेरा वेतांची, कधी आजारी न पडलेली. करवत पाहिली की स्वतः येऊन मान खाली घालायची.

तर म्हातारी. मग भुरी. मग शेजारचा शिंपी, एक गाय. मग गवंडी, दोन. मग मास्तर, पण मास्तरांची गाय भुंडी, तिला शिंगंच नाहीत, आबा तिथं नुसते पाणी प्यायले.

मग जेवण.

सुतार, टेम्पोवाला, आणि शेवटी काकू. हे सगळे जेवणानंतर.

सून रस्त्यातच थांबली. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली तरी हलली नाही.

जेवणाच्या वेळी आबांनी करवत मोरीच्या कट्ट्यावर ठेवली होती, ताटांच्या शेजारी. रक्ताळलेली. तिला शिसारी आली. भांड्यांसाठी चुलीवर पाणी उकळत होतं, तिनं करवत उचलून राखेनं घासली, दात दात घासली, आणि वरून उकळतं पाणी ओतलं. खांद्यावरचं फडकंही ओढून घेऊन त्याच पाण्यात बुडवलं. आबा किती चिडले होते! "करवतीला पाणी? धार मारलीस माझ्या बापाची!" नवऱ्यासमोर, मुलीसमोर. ती रात्रीपर्यंत गप्प होती, आणि आबांनी तेलाची बाटली रिकामी केली होती करवतीवर.

जेवणाआधीच्या ज्या गाईंना शिंगं होती त्या सगळ्या आजारी. म्हातारी सोडून.

जेवणानंतरच्या सगळ्या गाई धडधाकट.

*

गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा हौद होता. काकू आपल्या लाल गाईला घेऊन बाजूला उभ्या होत्या, हातात रॉकेलचा डबा. हौदावर गवंड्याची बायको होती आणि ती मुद्दाम सावकाश बादली भरत होती.

"पाजू दे की गं," काकू म्हणाल्या.

"तुमची शेवटी. सगळ्यांचं झाल्यावर."

"सगळ्यांचं म्हणजे कुणाकुणाचं? संध्याकाळपर्यंत थांबते, आकाशातल्या पाखरांचंही होऊ दे."

गवंड्याची बायको बादली उचलून गेली. काकूंनी गाईच्या मानेखालून एक गोचीड चिमटीत धरून उपटली आणि डब्यात टाकली. टप्. मग सुनेकडं पाहिलं.

"काय बघतेस? रोज दोनशे काढते. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपून काढते. उद्या दोनशे परत." टप्. "तुझ्या सासऱ्यांना सांग, रविवारी मला बोलवायची तसदी घेऊ नका. मला ठाऊक आहे काय ठरणार."

"काकू, मी आबांशी बोलते."

"तू?" काकू हसल्या. "तू काय बोलणार बाई? सुना बोलत नाहीत. सुना वाढतात."

हे सुनेला लागलं. खरं असल्यामुळं जास्त लागलं.

*

डॉक्टर आले, भुरीला इंजेक्शन देऊन गेले, आणखी तीन दिवस द्यायचं आहे म्हणाले. गवंड्याच्या गाईंनाही दिलं. औषधाचं दूध पोटात जाऊ द्यायचं नाही, म्हणून सून भुरीचं होतं नव्हतं ते दूध काढून खताच्या खड्ड्यात ओतायची, आणि ओतताना दुसरीकडं बघायची.

काचवाली दुसऱ्या दिवशी स्वतःहून आली. म्हातारीच्या कानाचं रक्त घेतलं, शिवाय मानेच्या शिरेतून एक बाटलीभर. "काचेवर दिसलं नाही तरी नाही असं म्हणता येत नाही," ती सुनेला बाजूला घेऊन म्हणाली. "एकदा होऊन गेलेली गाय बरी दिसते, पण जंतू रक्तात थोडे थोडे राहतातच. हजारांत एक. वर्षानुवर्षं दडून असतात, मग एखाद्या वेळी वाढतात आणि दुसऱ्याला लागतात, पुन्हा दडतात. ते काचेवर सापडत नाहीत. मोठ्या प्रयोगशाळेत बर्फात पाठवते. आठ दिवस लागतील."

"रविवारी बसायचंय."

"मग आठ दिवस नाहीत तुमच्याकडं," काचवाली म्हणाली.

काच कोरी निघाली. "बघ!" आबा म्हणाले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण म्हातारीचं रक्त का घेतलं हे त्यांच्या मनात कुठंतरी टोचलं असावं. "माझ्या म्हातारीत काय सापडणार? तेरा वेतं झाली."

शनिवारी दुपारी ते गोठ्याच्या दारात बसून करवतीला तेल लावत होते. भुरी आत उभी होती. तिची हिरडी अजून पांढरीच होती, पण त्या दिवशी तिनं चार काड्या खाल्ल्या होत्या. सून शेजारी येऊन उकिडवी बसली.

"आबा, काकूंच्या गाईचा दोष नाही."

"मग कुणाचा?"

तिनं करवतीकडं पाहिलं. तिचं बघणं त्यांना कळलं, आणि त्यांच्या हातातलं फडकं थांबलं.

मग ती सगळं बोलली. म्हातारी, भुरी, शिंपी, गवंडी, मास्तरांची भुंडी, जेवण, उकळतं पाणी, सुतार, टेम्पोवाला, काकू. मधे न थांबता, भराभर बोलली. काचेवरच्या गुंड्याही सांगितल्या.

"म्हणजे माझ्या हातानं," आबा म्हणाले.

"जंतू गोचिडीचेच, आबा. म्हातारीला ते तिकडंच कधीतरी लागले असणार, इथं यायच्या आधी, आणि यंदाच वाढले. तुम्हाला कसं ठाऊक असणार?"

"मी विचारलं नाही मला कसं ठाऊक असणार ते. मी म्हणालो, माझ्या हातानं."

तिनं खाली सांडलेला तेलाचा थेंब अंगठ्यानं पुसला.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले. "आधी बापानं, मग मी. आपल्या गाईवर पहिला वार. आणि तू दोन काचा बघून आलीस." उठले. करवत तेलकट फडक्यात गुंडाळली, खाटेखाली सारली, आणि बाहेर पडले. जेवायला आले नाहीत. नवरा दुपारी डेअरीची गाडी लावून आला, रिकाम्या पाटाकडं पाहून म्हणाला, "काय झालं?"

"मी आबांशी बोलले."

"तू?" तो म्हणाला, अगदी काकूंसारखाच, आणि मग तिचं तोंड पाहून मुकाट्यानं जेवला.

संध्याकाळी तिला खिडकीतून आबा दिसले. एकेका दारात जात होते. आत गोठ्यात जायचे, गाईच्या शिंगाला हात लावायचे, हिरडी बघायचे, बाहेर यायचे. सुताराकडं. टेम्पोवाल्याकडं. सगळ्यात शेवटी काकूंकडं. काकू दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आबांनी लाल गाईचा ओठ ओढून पाहिला. लालबुंद हिरडी. बराच वेळ ते तिथंच उभे राहिले, हातात गाईचा ओठ धरून.

*

रविवारी शेडमध्ये दुधाच्या कॅनवर, पोत्यावर, जागा मिळेल तिथं सगळे बसले. काकू आल्या होत्या. बोलावलं नव्हतं तरी आल्या, आणि दारापाशी उभ्या राहिल्या, म्हणजे बाहेर काढायला सोपं. सून आबांच्या मागं, भिंतीला टेकून.

शिंपी उठला. "माझी गाय गेली. आता दुसऱ्या कुणाची जाऊ नये म्हणून मी म्हणतो..."

"खाली बस," आबा म्हणाले. "मला आधी बोलू दे. नंतर तू बोल, मी ऐकतो. सगळं ऐकतो."

त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि हातात धरलं.

"करवत माझी. गाय माझी. म्हातारीच्या रक्तात काहीतरी जुनं असणार. काचेवर दिसलं नाही, कागद यायचाय. पण मला कागद नको. मी काल प्रत्येक गाय हातानं बघितली. जेवणाआधी मी जिचं जिचं शिंग कापलं तिला तिला झालं. जेवणानंतर कुणाला नाही, कारण माझ्या सुनेनं करवत उकळत्या पाण्यानं धुतली. त्याबद्दल मी तिला ओरडलो होतो." फडकं परत खांद्यावर टाकलं. "काकूंच्या गाईच्या गोचिड्या काढायच्या, आपल्याही काढायच्या. पण शिंप्या, तुझी गाय तिच्या गोचिडीनं गेली नाही. माझ्या करवतीनं गेली."



शिंपी उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. "आबा, तुम्ही..." एवढंच म्हणाला. त्याचं तोंड रडवेलं झालं. माणसाला रागवायला कुणीतरी हवं असतं, आणि रागवायला आबा मिळाले की काय करायचं हे त्याला कळेना.

"तू नवी कालवड आण. ती विऊन दुधावर येईपर्यंत," आबा म्हणाले, "भुरीचं दूध तुझं. दोन्ही वेळचं."

सुनेनं मान वर केली. भुरी तिची, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. भुरी अजून धड खातही नव्हती, आणि तिचं दूध वाटून झालं होतं.

"आबा," ती मागून म्हणाली.

सगळे वळले. शेडमध्ये सुनेनं बोलायची ही पहिलीच वेळ होती. बोलायचं ठरवून उठलेल्या माणसासारखी ती ताठ उभी होती, पण तिचा पदर मुठीत पिळून चुरगळलेला.

"सकाळचं," ती म्हणाली. "संध्याकाळचं घरात लागतं. पोरगी आहे."

"सकाळचं," आबा म्हणाले. शिंप्यानंही मान डोलावली, आणि कुणीतरी हसलं. टेम्पोवालाच असणार, त्याला कुठंही हसू येतं. आणि ते हसणं सगळ्यांना बरं वाटलं.

काकू दारातून पुढं आल्या. "झालं? मग आता माझ्या गाईला हौदावर पाणी कुणाच्या आधी पाजायचं ते सांगा. आठ दिवस शेवटी उभी आहे ती. तहानेनं नाही, पण अपमानानं मरेल."

"आज पहिली," गवंड्याची बायको म्हणाली, जमिनीकडं बघत.

"आजच? उद्या नाही?"

"काकू, पुरे," आबा म्हणाले. आणि मग, इतक्या हळू की मागं उभ्या सुनेलाच नीट ऐकू आलं, "चुकलो हो मी."

काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या. धारदार काहीतरी जिभेवर आलं असणार. ते त्यांनी गिळलं. "गोचिड्या काढायला माझ्या डोळ्यांना दिसत नाही," म्हणाल्या. "कुणाची पोरं लावून द्या संध्याकाळची. हे चुकणं बिकणं नंतर बघू."

*

भुरीच्या हिरड्या आधी पिवळट झाल्या. सून घाबरली, पण डॉक्टर म्हणाले, रक्त मोडून झालेलं बाहेर पडतंय, थांबा. मग एका सकाळी सुनेनं वाकून वैरण टाकली आणि मागून कुणीतरी तिचा पदर ओढला. ती तशीच वाकलेली राहिली. पदर पार भिजेपर्यंत.

गवंड्याच्या दोन्ही गाई वाचल्या. कागद आठ नाही, बारा दिवसांनी आला. काचवालीनं स्वतः आणून दिला. आबा खाटेवर होते.

"काय लिहिलंय?"

"आहे म्हणून लिहिलंय, आबा. म्हातारीच्या रक्तात आहे," सून म्हणाली.

"तिला त्रास?"

"तिला काही नाही. ती अशीच राहील."

आबा म्हातारीकडं बघत बसले. ती रवंथ करत होती, डोळे मिटून, जगातलं सगळं नीट चाललंय अशी. "म्हाताऱ्यांचं असंच असतं," ते म्हणाले. "स्वतः मजेत. ताप दुसऱ्यांना." आणि मग मोठ्यांदा हसले, शेडमधल्या त्या रविवारनंतर पहिल्यांदा.

सहा महिन्यांनी कुरण उघडायची वेळ आली. आदल्या दिवशी ते शहरात जाऊन आणखी दोन करवती घेऊन आले. वडिलांची करवत तिसरी. सकाळी टेम्पोवाल्याच्या गाडीवर चूल, मोठं पातेलं आणि लाकडं चढली. सुनेकडं पातेल्याचं काम. एक करवत हातात, दोन उकळत. रक्ताचा थेंब दिसेपर्यंत कापायचं नाही. थेंबाच्या आधी थांबायचं. टोक महिन्यात परत आलं तर महिन्यात परत कापू, आबा म्हणाले.

सुरुवात गल्लीच्या खालच्या टोकाकडून झाली.

"पहिला वार माझ्या गाईवर?" काकू म्हणाल्या. "काय केलंय तिनं तुमचं?"

"मान आहे तो, काकू."

"माहीत आहे मला तुमचा मान," त्या म्हणाल्या, आणि गाईची शिंगं दोन्ही हातांनी घट्ट धरली. कानामागं दोनच गोचिड्या उरल्या होत्या; त्या दाखवायलाही विसरल्या नाहीत.

टेम्पोवाला, सुतार, मास्तरांकडं पाणी, गवंडी, शिंप्याची नवी कालवड. दुपार टळली. आबांचे हात दुखायला लागले होते, पण ते सांगत नव्हते. शेवटी घर आलं. आधी भुरी झाली. म्हातारी सकाळपासून दारात उभी होती. करवत घेऊन आबा सकाळी समोरून गेले तेव्हाही तिनं मान खाली घातली होती, आणि त्यांनी तिला न बघता पुढं जायचं धाडस केलं होतं. आता ते जवळ आले. ती नेहमीसारखी वाकली.

"थांबलीस होय," ते म्हणाले. तिच्या कपाळावर हात ठेवला.

मग त्यांनी मागं न बघता हात पुढं केला. सुनेनं पातेल्यातून वडिलांची करवत चिमट्यानं उचलली, झटकली, आणि त्यांच्या हातात दिली. मूठ अजून गरम होती. आबांनी ती या हातातून त्या हातात केली, पण खाली ठेवली नाही.

"धार मेली का, आबा?" तिनं विचारलं.

त्यांनी दातांवरून अंगठा फिरवला. "नाही," म्हणाले. "अजून आहे."